फाइल उघडते, पण वाचता येत नाही: ‘परभणी’ या शब्दाच्या चार सोंगांचा इतिहास

१/
परभणी. संगणकाच्या हिशेबाने हा शब्द अवघ्या पाच चिन्हांचा: प, र, भ, ण आणि दीर्घ ईकार. ई-मेलच्या अटॅचमेंटमधून प्रवास करताना मात्र तो निरनिराळी सोंगे घेतो. कधी तो आय, जे, एच, के, पूर्णविराम, के, एच असा रोमन अक्षरांत दिसतो. कधी पौंड, येन आणि युरोची चिन्हे अंगावर लेवून येतो. कधी वीस अक्षरांची सलग माळ होतो, तर कधी डोक्यावर टिंबे-मात्रा असलेली पाच युरोपीय अक्षरे. या चारही सोंगांमागे गेल्या साठ वर्षांचा इतिहास आहे. हा धागा त्याविषयी.

२/
आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावी. अशी फाइल समोर आली की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ‘फाइल खराब झाली’ अशी असते. बहुतेक वेळा ती खराब झालेली नसते. मजकूर जागच्या जागी असतो. तो कोणत्या संकेताने वाचायचा, ही माहिती वाटेत गळून पडलेली असते. किल्ली हरवणे वेगळे आणि तिजोरी जळणे वेगळे. हा भेद न कळल्यामुळे जे मजकूर सहज वाचवता आले असते ते घाईच्या दुरुस्तीत खरोखरच नष्ट होतात.

३/
किल्ली हरवल्याने अगम्य झालेला मजकूर परभणी जिल्ह्याला नवा नाही. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. संस्थानाच्या कारभारात आधी फारसी होती, १८८०च्या दशकापासून उर्दू आली. व्यवहारातले मराठी लेखन मात्र मोडीत चाले. एकाच मुलखाच्या कागदांना तीन वेगवेगळ्या किल्ल्या लागत.

४/
मोडीचे स्वरूप पाहावे. लेखक आधी पानभर शिरोरेघ आखून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे जोडत जाई. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचा प्रघात नव्हता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. शब्द कुठे संपतो हे कागदावर नसे, ते वाचणाऱ्याच्या मनात असे. कारकुनांची ती पिढी गेली आणि मोडी शिकवणे थांबले, तसे कागद शाबूत राहूनही मुके झाले. शाई फिकी पडली नव्हती. वाचण्याचा संकेत विस्मरणात गेला होता.

५/
याहून जवळचा दाखला महानुभाव पंथाच्या सकळ लिपीचा. गोदावरीकाठच्या मराठवाड्यात या पंथाची परंपरा जुनी. पंथाचे ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून चौदाव्या शतकात एक सांकेतिक लिपी योजण्यात आली. तिचे श्रेय परंपरा रवळोबासांना देते. अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे चिन्ह लिहावयाचे, एवढेच तिचे तत्त्व. मजकूर अस्सल मराठी, पण पंथाबाहेरच्याला एक शब्दही लागू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांनी हे कुलूप उघडले आणि मराठीतील आद्य गद्याचे भांडार बाहेरच्या जगाला दिसले.

६/
सकळ लिपीत गुपित राखणे हा हेतू होता. संगणकाच्या जगात तोच प्रकार कोणाच्याही मनात नसताना घडला. ‘म’ या अक्षरासाठी कोणी एक क्रमांक योजला, दुसऱ्याने दुसरा, तिसऱ्याने तिसरा. पाठवणाऱ्याच्या कोष्टकाने लिहिलेले घेणाऱ्याच्या कोष्टकाने वाचले गेले, की गिचमिड अवतरते. जपानी लोकांनाही हा त्रास इतका झाला की त्यांनी त्याला नावच दिले: मोजिबाके, म्हणजे अक्षरांचे रूपांतर. आज जगभर हाच शब्द चालतो.

७/
आता ई-मेलकडे. १९७१ साली अमेरिकेत केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेट या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पहिला संदेश पाठवला. दोन्ही यंत्रे एकाच दालनात शेजारी-शेजारी होती. भाषा इंग्रजी आणि अक्षरांचे कोष्टक आस्की. १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या कोष्टकात सात बिटांचा संकेत होता, म्हणून जागा फक्त १२८. त्यांतली दिसणारी चिन्हे ९५. इंग्रजीचे त्यात भागत होते. फ्रेंचचेसुद्धा पुरते भागत नव्हते. देवनागरीचा तर विचारच नव्हता.

८/
ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ई-मेल वाहून नेण्याचे नियम आरएफसी ८२१ या दस्तऐवजात लिहिले. त्यात संदेश सात बिटांच्या अक्षरांचाच असेल आणि एका ओळीत हजारांहून अधिक अक्षरे नसतील, असे बंधन होते. संगणकात बाइट आठ बिटांचा असतो. वाटेतल्या एखाद्या यंत्राने आठवा बिट कापून टाकला, तर ते नियमाला धरूनच होते. त्या काळातली टपालवाट अशी होती की पेटी तिच्यातून जाई, पण झाकण वाटेत काढून ठेवले जाई.

९/
आठवा बिट कापला गेला तर ‘परभणी’चे काय होईल? भारतीय लिपींसाठी इस्की नावाचे आठ बिटांचे प्रमाण कोष्टक तयार झाले, त्याविषयी पुढे. त्या कोष्टकातल्या ‘परभणी’चा आठवा बिट गळाला, तर पडद्यावर उरते एच, ओ, के, ए आणि एक उलटी तिरपी रेघ. या रूपावरून मूळ शब्द ओळखणे कोणाच्याही आवाक्याबाहेरचे. रशियन लोकांनी मात्र या संकटाचा आधीच विचार केला होता. त्यांच्या कोई-८ या कोष्टकात रशियन अक्षरांची मांडणी अशी होती की आठवा बिट गळूनही त्याच उच्चाराची रोमन अक्षरे उरावीत. मजकूर बेढब दिसे, पण वाचता येई.

१०/
चित्रे, ध्वनी, प्रोग्राम अशा फाइली तर आठव्या बिटाशिवाय जगूच शकत नाहीत. १९८० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे मेरी ॲन हॉर्टन यांनी यूयूएन्कोड ही युक्ती काढली: फाइल आधी साध्या, निर्धोक अक्षरांत बांधावी, पाठवावी आणि पोचल्यावर सोडावी. मोट बांधून माल न्यावा तसे हे. अडचण एवढीच की मोट बांधलेली आहे आणि ती अमुक गाठीने बांधली आहे, हे घेणाऱ्याला आपणहून ओळखावे लागे.

११/
ही उणीव मार्च १९९२ मध्ये भरून निघाली. बेलकोर या संशोधनसंस्थेतील नॅथॅनिएल बोरेनस्टाइन यांनी ११ मार्च १९९२ रोजी आजच्या अर्थाने पहिली अटॅचमेंट पाठवली. तिच्यात त्यांच्या गायक-चौकडीचे, टेलिफोन कॉर्ड्सचे, छायाचित्र होते. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी आणि नेड फ्रीड यांनी माइम या नावाने नियम प्रसिद्ध केले. माइमची खरी देणगी म्हणजे चिठ्ठी. प्रत्येक भागाच्या माथ्यावर दोन गोष्टी लिहाव्यात: आत काय आहे, आणि ते कोणत्या रीतीने बांधले आहे.

१२/
बांधण्याची सर्वांत रूढ रीत म्हणजे बेस-६४. तिची रीत साधी आहे. तीन बाइट घ्यावेत, म्हणजे २४ बिट झाले. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याला ६४ निर्धोक चिन्हांपैकी एक द्यावे: २६ मोठी रोमन अक्षरे, २६ लहान, दहा अंक, अधिकचे चिन्ह आणि तिरपी रेघ. तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणून फाइलचा आकार एक-तृतीयांशाने वाढतो. आज मराठी मुलखातून जाणारी जवळजवळ प्रत्येक अटॅचमेंट वाटेत या रूपात असते. चिठ्ठी शाबूत असेल तर हे कोणाला कळतही नाही.

१३/
चिठ्ठी फाटली, की हे सोंग उघडे पडते. जुन्या सॉफ्टवेअरने माथ्याच्या ओळी गाळल्या, संदेश साधा मजकूर म्हणून पुढे पाठवला गेला, किंवा मधल्या एखाद्या यंत्रणेने त्यात आपल्या ओळी घुसवल्या, तर पडद्यावर सारख्या लांबीच्या, जागा न सोडलेल्या अक्षरांच्या ओळीच ओळी दिसतात. आजच्या युनिकोड पद्धतीतला ‘परभणी’ बेस-६४ मध्ये बांधला तर नेमकी वीस अक्षरे होतात आणि चार हा अंक, के आणि एस हे त्रिकूट त्यात चार वेळा येते. मराठी मजकुरात हे त्रिकूट पुन्हा पुन्हा डोकावते. ते दिसले की आत बहुधा शाबूत देवनागरी आहे, असे समजावे.

१४/
आता देवनागरीच्या बाजूची कथा. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूर येथे भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे काम जिस्ट या तंत्राच्या रूपाने पुढे आले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि ते काम तिथे वाढले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली इस्कीला प्रमाण म्हणून मान्यता दिली. कल्पना मोठी सुंदर होती: भारतीय लिपी एकाच ब्राह्मी कुळातल्या, म्हणून सर्वांचा ‘क’ एकाच क्रमांकावर. लिपी बदलली की मजकूर दुसऱ्या लिपीत दिसावा.

१५/
इस्कीतली फाइल पश्चिम युरोपीय कोष्टकाने उघडली, तर ‘परभणी’ची पाच मोठी रोमन अक्षरे होतात: ई, आय, ई, ए, यू. प्रत्येकाच्या डोक्यावर तिरपी रेघ किंवा दोन टिंबे. जर्मन आणि फ्रेंच अक्षरांचा हा मेळावा पाहून घेणारा चक्रावतो. पण अक्षरांची संख्या मूळ शब्दाइतकीच असते. एका चिन्हास एक चिन्ह. सकळ लिपीचेच हे यंत्रयुगातले रूप.

१६/
प्रत्यक्ष व्यवहारात मात्र इस्की मागे पडली आणि फॉन्टांचे राज्य आले. १९९०च्या दशकात डीटीपी गावोगाव पोचले. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकचे स्वतःचे फॉन्ट, एपीएस अशी किती तरी नावे छापखान्यांत रुळली. त्यांची युक्ती अशी: संगणकाला इंग्रजीच कळते, तर त्याला इंग्रजीच समजू द्यावे, फक्त इंग्रजी अक्षराच्या जागी चित्र देवनागरीचे काढावे. कृतिदेवात लहान ई या अक्षराला ‘म’चे चित्र दिले गेले. यंत्राच्या लेखी तो ई-च राहिला.

१७/
ई या कळीवर ‘म’ का, याचेही उत्तर इतिहासात आहे. ही मांडणी रेमिंग्टन टंकयंत्राच्या धर्तीची. टंकलेखनाची परीक्षा दिलेल्या कारकुनाची बोटे तिला सरावलेली होती. हात बदलावा लागू नये म्हणून अक्षरांचे क्रमांक बदलले गेले. तात्पुरती सोय म्हणून हा निर्णय उत्तम होता. एका पिढीचा सारा मराठी मजकूर, म्हणजे बातम्या, पत्रके, अहवाल, पाठ्यपुस्तके आणि लग्नपत्रिका, याच सोयीवर उभा राहिला.

१८/
सोयीची किंमत अटॅचमेंटच्या दिवशी चुकवावी लागली. पाठवणाऱ्याकडे कृतिदेव आहे, घेणाऱ्याकडे नाही. घेणाऱ्याचा संगणक साधा इंग्रजी फॉन्ट लावतो आणि ‘परभणी’ची सात चिन्हे समोर येतात: आय, जे, मोठा एच, के, पूर्णविराम, के, एच. पूर्णविराम शब्दाच्या मधोमध का? कारण त्या कळीवर अर्धा ‘ण’ आहे आणि पुढच्या के-वर काना. ‘भ’ही असाच दोन कळांत मोडलेला. ‘मराठी’ हा शब्द याच रीतीने ई, जे, के, बी, एच असा दिसतो.

१९/
इथे फाइलमध्ये तिळमात्र दोष नसतो. तो फॉन्ट बसवला, की मजकूर जसाच्या तसा उभा राहतो. पण श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवने वाचता येत नाही आणि एका कंपनीच्या दोन पिढ्यांच्या फॉन्टांतही क्रमांक बदललेले असू शकतात. म्हणून फॉन्टचे नेमके नाव हीच किल्ली. वर्डच्या फाइलमध्ये ते नाव बहुधा जपलेले असते: गिचमिड मजकुरावर कर्सर ठेवला, की वरच्या फॉन्टच्या चौकटीत ते दिसते, मग तो फॉन्ट त्या यंत्रावर असो वा नसो. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मात्र हे नाव राहत नाही. मजकूर ई-मेलच्या अंगात चिकटवला, तरी ते बहुधा गळते.

२०/
जगाच्या पातळीवर उपाय याच सुमारास आकाराला येत होता. ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली: जगातल्या प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक, सर्व यंत्रांत तोच. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवर बेतलेली आहे. भारतात झालेले काम असे जागतिक प्रमाणात उतरले. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी टेबलावरच्या कागदी आच्छादनावर यूटीएफ-८ची रचना मांडली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी अक्षराला तीन.

२१/
तीन बाइटांचा हा मजकूर जुन्या पश्चिम युरोपीय कोष्टकाने उघडला की चौथे सोंग दिसते. प्रत्येक देवनागरी अक्षराचे तीन तुकडे होतात. पहिला नेहमी तोच: डोक्यावर तिरपी रेघ असलेला लहान ए. दुसरा एक तर चलनाचे सर्वसाधारण चिन्ह, किंवा येन. ‘परभणी’तल्या ‘ण’चा तिसरा तुकडा पौंड होतो, शेवटच्या दीर्घ ईकारात येन आणि युरो शेजारी येतात. पडद्यावर चलनांचा असा बाजार भरला, तर नि:शंक समजावे की मजकूर यूटीएफ-८ आहे आणि पूर्ण शाबूत आहे.

२२/
या सोंगाचा उतारा सर्वांत सोपा. फाइल उघडताना कोष्टक म्हणून यूटीएफ-८ निवडावे. गावांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या याद्या सीएसव्ही फाइलने पाठवल्या जातात, तिथे हा प्रसंग हमखास येतो. एक्सेल ती फाइल दोनदा क्लिक करून उघडताना अनेकदा जुने कोष्टक धरते. अशा वेळी आधी एक्सेल उघडावे, डेटा विभागातून फाइल आत घ्यावी आणि तिथे यूटीएफ-८ सांगावे. फाइल तीच राहते, एकही बाइट बदलत नाही, आणि जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा अशी तालुक्यांची नावे ओळीने उभी राहतात.

२३/
कधी जे दिसते तो मजकूरच नसतो. नोटपॅडमध्ये उघडलेल्या फाइलच्या आरंभी पी आणि के ही दोन मोठी अक्षरे असतील, तर ती झिप जातीची फाइल आहे. पी आणि के ही झिपचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे. वर्डच्या आजच्या फाइली आतून झिपच असतात. आरंभी टक्केचिन्ह आणि पीडीएफ असे दिसले, तर नाव काहीही असो, ती पीडीएफ आहे. अशा फाइलचे शेपटीचे नाव वाटेत गळलेले किंवा बदललेले असते. ते पूर्ववत केले की काम होते. आउटलुकमधून येणारी विनमेल नावाची फाइल हीसुद्धा बांधलेली मोटच. पाठवणाऱ्याने साध्या मजकुराच्या किंवा एचटीएमएलच्या रूपात पुन्हा पाठवले, की ती येत नाही.

२४/
मग खरी हानी कशी ओळखावी? दोन चिन्हे आहेत आणि त्यांत गल्लत होते. रिकामे चौकोन दिसले, तर यंत्रावर त्या लिपीचा फॉन्ट नाही, इतकेच. मजकूर सुखरूप आहे. प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर परिस्थिती गंभीर. युनिकोड मजकूर कोणी जुन्या कोष्टकात जतन केला आणि तिथे देवनागरीला जागाच नसल्याने प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले गेले. ‘परभणी’ची पाच प्रश्नचिन्हे होतात. ‘मराठी’चीही पाचच. दोन्ही आता एकसारखे. कोणतीही किल्ली त्यांना वेगळे करू शकत नाही.

२५/
म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम दुरुस्तीचा नाहीच. मूळ अटॅचमेंट न उघडता वेगळी जतन करावी आणि सारे प्रयोग तिच्या प्रतीवर करावेत. गिचमिड दिसत असताना ‘सेव्ह’ दाबू नये. गिचमिड तशीच कॉपी करून दुसऱ्या ई-मेलमध्ये चिकटवू नये, कारण मग एका चुकीच्या वाचनावर दुसरे चढते आणि दोन कुलपे लागतात. पाठवणाऱ्याला ‘पुन्हा पाठवा’ एवढेच सांगून उपयोग नाही. त्याच वाटेने तीच गिचमिड परत येते. फॉन्ट कोणता, कोणत्या सॉफ्टवेअरमधून जतन केली, हे दोन प्रश्न विचारावेत.

२६/
जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये आणण्यासाठी परिवर्तक मिळतात. त्यांचे काम अक्षरामागे अक्षर बदलण्यापुरते नसते. कृतिदेवात ‘जिंतूर’ लिहिताना वेलांटी ‘ज’च्या आधी दाबली जाते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते, युनिकोडमध्ये ती ‘ज’नंतर येते, कारण उच्चारात ती नंतर आहे. ‘पूर्णा’तला रफार जुन्या फॉन्टात सर्वांत शेवटी, युनिकोडमध्ये ‘ण’च्या आधी. परिवर्तक इथेच चुकतात. मजकुरात गावांची आणि माणसांची नावे असतील, तर परिवर्तनानंतर छापील प्रतीशी ताडून पाहण्याला पर्याय नाही.

२७/
भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले. विंडोज २०००मध्ये देवनागरी आली. एक्सपीमध्येही ती आधी चालू करून घ्यावी लागे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. युनिकोड हाताशी आल्यानंतरही अनेक वर्षे कार्यालये आणि छापखाने जुन्याच फॉन्टांत लिहीत राहिले, कारण शेजारचा तेच वापरत होता. त्या काळातल्या कित्येक पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतात, पण त्यांत ‘परभणी’ शोधले तर एकही जागा सापडत नाही. कागदावर मराठी, पोटात रोमन.

२८/
याचे मोल किती, ते मराठवाड्याने अलीकडेच पाहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकाळच्या दफ्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. कागद होते, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली. एखाद्या घराण्याचा दाखला एका ओळीवर अवलंबून, आणि ती ओळ वाचू शकणारे हातांच्या बोटांवर मोजण्याइतके, अशी ती अवस्था. लिहिणाऱ्या कारकुनाला ती लिपी रोजची होती. पुढे ती कोणाला वाचता येईल का, हे विचारण्याचे त्याला कारण नव्हते.

२९/
१९९० ते २०१०च्या दरम्यानचा मराठी मजकूर आज त्याच वळणावर आहे. तो सीडींवर, जुन्या हार्ड डिस्कवर, ई-मेलच्या तळाशी पडलेल्या अटॅचमेंटांत आहे. मोडीचा कागद किमान मोडी म्हणून ओळखू येतो. फॉन्टचे नाव हरवलेली फाइल निरर्थक इंग्रजी म्हणून पुसली जाण्याची भीती अधिक. ज्यांच्या घरी एखादे बंद पडलेले साप्ताहिक, एखाद्या शाळेचे वार्षिक किंवा गावाच्या इतिहासाचे टाचण अशा फाइलीत असेल, त्यांच्या हातात ऐतिहासिक साधन आहे.

३०/
त्यासाठी करण्याजोगे काम थोडे आहे. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी. शेजारी एक साधी टीप लिहावी: फॉन्टचे पूर्ण नाव, सॉफ्टवेअर, साल. शक्य असल्यास फॉन्टची फाइलही सोबत ठेवावी. एक पीडीएफ प्रत करावी, म्हणजे मूळ रूप डोळ्यांना दिसत राहील. आणि एक युनिकोड प्रत करावी, म्हणजे शोधता येईल. दोन्ही ताडून पाहाव्यात. सकळ लिपीची पोथी पाचशे वर्षांनंतर उघडता आली, कारण पंथातल्या कोणाकडे तरी तिची किल्ली सांभाळलेली होती. कृतिदेवातल्या ‘परभणी’ची किल्ली त्या एका ओळीच्या टिपेत मावते. ती लिहिणारे हात आज आहेत.